आमची कोठेही शाखा नाही

धूम्रपान न करणाऱ्या माणसानं सिगारीवर लिहावं का, असा प्रश्न कुणी विचारील. विचारू दे बापडा. अविवाहित माणसं विवाहसंस्थेवर व्याख्यानं देतातच की! मी विडीसुद्धा ओढत नाही. माझा नाद खोक्यांचा. जुन्या सिगारींचं लाकडी खोकं ही वाचायची वस्तू आहे, असं एकदा चार लोकांत बोलून गेलो. तेव्हापासून मित्रमंडळी परदेशाहून येताना जुन्या बाजारातली खोकी उचलून आणतात आणि माझ्या टेबलावर ठेवून विचारतात, "बघा हो, खरी आहे का? आणि किती जुनी?"

पहिला नियम असा, की झाकण उघडायचं नाही. खोकं आधी उपडं करायचं. झाकणावरची सोनेरी पदकं आणि सुंदऱ्या यांच्यावर विसंबू नये. त्या छापखान्यात जन्मतात. हिरवी सरकारी हमीपट्टी 1912 च्या कायद्यापासून चालत आलीय, पण तिची नक्कल करणारेही तितकेच कष्टाळू असतात. तळ बघावा. तिथं इंग्रजीत 'मेड इन हवाना-क्यूबा' असेल, तर माल बहुधा 1960 पर्यंतचा. स्पॅनिशमध्ये 'एचो एन कूबा' असेल, तर 1961 पासूनचा. अर्थ दोन्हींचा जवळजवळ एकच. मग भाषा का बदलली?

कारण मध्यंतरी मालक बदलला होता. 1959 च्या जानेवारीत कास्त्रोंची क्रांती झाली आणि 1960 च्या सप्टेंबरात सरकारनं सिगारींचे कारखाने ताब्यात घेतले. त्यात 1845 सालचा 'पार्तागास' होता. तो चालवणारे रामोन सिफुएन्तेस देश सोडून अमेरिकेत गेले. पिढीजात कारखाना हवानात राहिला, यंत्रं-माणसं-गोदामं तिथंच राहिली. त्यांच्याजवळ उरलं ते नाव आणि हातातली विद्या. सत्तरीच्या दशकात त्यांनी ते नाव एका अमेरिकन कंपनीला दिलं. मग पार्तागास जमैकात बनू लागली, नंतर डोमिनिकन रिपब्लिकमध्ये. तिकडे हवानातही पार्तागास निघतच होती. आपल्याकडे एकाच गल्लीत 'मूळ दुकान, आमची कोठेही शाखा नाही' अशा दोन पाट्या समोरासमोर लटकतात ना, तसला प्रकार! फरक एवढाच, की इथं गल्लीऐवजी मध्ये समुद्र. आणि यातलं खोटं कुणाला म्हणायचं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. एकाकडे कारखाना, दुसऱ्याकडे कारखानदार. विकत घेणाऱ्यानं मात्र पट्टीवर 'हबाना' हा शब्द आहे का, ते बघून घ्यावं. किमतीत बराच फरक पडतो.

अमेरिकेनं 1962 च्या फेब्रुवारीत क्यूबाच्या मालावर बंदी घातली. केनेडींना स्वतःला हवाना प्रिय. त्यांचे प्रसिद्धीसचिव पियेर सॅलिंजर यांनी पुढं सांगितलं, की आदल्या संध्याकाळी साहेबांनी त्यांना हजारभर सिगारी जमवायला पाठवलं. सकाळी बाराशे हाती लागल्याचं कळल्यावर हुकमावर सही झाली. आमच्याकडे रॉकेल महागणार म्हटल्यावर डबे घेऊन धावणारी माणसं पाहिली आहेत. पण महागाई जाहीर करणाऱ्यानंच आधी डबे भरून ठेवावेत, याला राष्ट्राध्यक्षच व्हावं लागतं.

1985 नंतरच्या खोक्यांवर तळाशी गुप्त लिपी येते. 'नीवेल आकुसो' हे त्यातलं मंत्राक्षर. स्पॅनिश अक्षरं दहा: एन म्हणजे एक, आय दोन, व्ही तीन, असं करत करत शेवटचा ओ म्हणजे शून्य. तळावर 'ओ-व्ही-एस-आय' दिसलं, तर 0392, अर्थात मार्च 1992. आमचे मारवाडी दुकानदार कापडाच्या ठाणावर अशाच अक्षरांत भाव लिहीत, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. 2000 पासून महिना आणि साल सरळच छापतात. माझ्यासारख्यांची अर्धी मजा गेली.

आता सांभाळायचं कसं? सिगारीला हवेत 65 ते 70 टक्के ओलावा लागतो आणि सोळा-अठरा अंशांचा गारवा. म्हणजे मुंबईचा जुलै तिला बुडवतो आणि नागपूरचा मे भाजून काढतो. वाळलेली सिगार घाईनं ओलावू नये; वरचं पान फुगून तडकतं. आठवड्या-आठवड्यानं, आजाऱ्याला पेज पाजावी तसं. डबीतलं पाणी शुद्ध केलेलं, नळाचं नव्हे. अंगावर पांढरा थर दिसला, तर विकणारा 'हा जुनेपणाचा मोहर' म्हणून सांगतो. ती बहुधा बुरशी असते. टाचणीएवढी गोल भोकं दिसली, तर तंबाखूचा किडा. उकाडा वाढला की त्याची अंडी फुटतात. अशा सिगारी पिशवीत बांधून काही दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्या, मग हळूहळू बाहेर काढाव्या.

पेटीचं लाकूड 'स्पॅनिश सीडर' म्हणतात. ते ना स्पेनचं, ना देवदाराच्या कुळातलं. ते अमेरिका खंडातलं झाड, आणि कूळ म्हणाल तर आपल्या कडुनिंबाचं! कपाटात निंबाचा पाला ठेवणाऱ्या आमच्या आजीला हे नातं कळलं असतं, तर तिनं हवानाबद्दल जरा बरं मत बनवलं असतं.

ओलावा दाखवणारी तबकडी मात्र तपासून घ्यावी. ती सर्रास थापा मारते. बाटलीच्या बुचात मीठ घ्यावं, दोन-चार थेंब पाणी घालून ओलं करावं, तबकडीसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवावं. काटा 75 वर यायला हवा. आमच्या सौ.नं हा प्रयोग पाहिला तेव्हा "लोणचं घालताय?" एवढंच विचारलं.

गेल्या वर्षी आमच्या एका निवृत्त स्नेह्यांनी लंडनच्या जुन्या बाजारातून पार्तागासचं खोकं आणलं. तळ इंग्रजीत. सिगारी सतरा उरलेल्या, भोकं नाहीत. म्हणजे सिफुएन्तेस अजून खुर्चीत बसत असतानाचा माल. मी तसं सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एक ओढून बघणार होतो हो." झाकण त्यांनी लावून टाकलं. काटा सध्या 67 वर आहे, असा त्यांचा दर रविवारी फोन येतो.