ग्रहांचे दिवस आणि वर्षे

ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला लागणारा काळ म्हणजे त्याचे वर्ष, आणि एका माध्यान्हापासून पुढच्या माध्यान्हापर्यंतचा काळ म्हणजे त्याचा सौर दिवस. ही दोन्ही मापे जोडीने सांगितली जातात, पण त्यांची कारणे अगदी निराळी आहेत. वर्ष ठरते ते सूर्यापासूनच्या अंतरावरून. दिवस ठरतो तो जन्मापासून आजवर त्या ग्रहावर जे गुदरले त्यावरून. म्हणूनच अंतर ठाऊक असले की वर्ष गणिताने काढता येते. दिवस मात्र एकेका ग्रहाचा स्वतंत्रपणे मोजावा लागतो.

हा फरक बडोद्याच्या मांडवीवरूनही जाणवतो. जुन्या शहराच्या या मध्यबिंदूपासून पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर आणि दक्षिणेला गेंडीगेट अशा चार दरवाजांकडे रस्ते जातात. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सूर्य साधारण पाणीगेटच्या दिशेला उगवतो व लहेरीपुऱ्याकडे मावळतो. उन्हाळ्यात उगवतीची जागा उत्तरेकडे सरकते, हिवाळ्यात दक्षिणेकडे. एवढ्यावरून पृथ्वीचा दिवस आणि वर्ष दोन्ही हाती येतात. उगवणारा तारा मात्र रोज सुमारे ४ मिनिटे लवकर दिसतो, कारण पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटांतच पुरी होते. तेवढ्यात ती कक्षेत साधारण एक अंश पुढे गेलेली असल्याने पुन्हा सूर्यासमोर यायला उरलेली ४ मिनिटे लागतात. इतर ग्रहांची वर्षेही नुसत्या डोळ्यांनी मोजता आली. गुरू एका राशीत सुमारे वर्षभर आणि शनी सुमारे अडीच वर्षे राहतो. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि तीन राशींची साडेसाती होते, ती याच हिशेबाने. या ग्रहांचे दिवस मात्र दुर्बिणीखेरीज कोणालाच कळले नाहीत.

वर्षाचा नियम योहानेस केप्लरने १६१९ मध्ये प्रसिद्ध केला: वर्षाचा वर्ग सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरू पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे; ५.२ चा घन सुमारे १४०.६ आणि त्याचे वर्गमूळ ११.८६, म्हणजे गुरूचे वर्ष पृथ्वीच्या ११.८६ वर्षांचे. दूरच्या ग्रहाची वाट लांब असते, शिवाय तिथे सूर्याची ओढ कमी असल्याने त्याचा वेगही मंद असतो. बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, नेपच्यून सुमारे साडेपाच. त्यामुळे बुधाचे वर्ष ८८ दिवसांत संपते, तर नेपच्यूनला सुमारे १६५ वर्षे लागतात. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट असले तरी त्याने हिशेब बिघडत नाही, कारण वस्तुमान वाढले की ओढ जितकी वाढते, तितकाच वेग बदलण्याला होणारा विरोधही वाढतो.

दिवसाला असा नियम नाही. मंगळाचे वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम दहाव्या भागाइतके, तरी त्याचा सौर दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा, पण त्याला स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस लागतात, तेही उलट दिशेने; म्हणून तिथे एका माध्यान्हापासून दुसरे माध्यान्ह सुमारे ११७ दिवसांनी येते. यावर कोणी म्हणेल की मोठे ग्रह झपाट्याने फिरतात, तेव्हा दिवस वस्तुमानावर ठरत असणार. गुरूची फेरी ९ तास ५६ मिनिटांची आहे हे खरे; पण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलका शनी जवळपास तितकाच वेगवान आहे. वायू गोळा करत वाढताना महाकाय ग्रहांना जोराची गिरकी मिळाली. तो त्यांच्या घडणीचा परिणाम आहे, वस्तुमानातून थेट निघणारे सूत्र नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बुध दोन वर्षांत स्वतःभोवती नेमका तीनदा फिरतो, त्यामुळे त्याचा सौर दिवस १७६ दिवसांचा, म्हणजे बरोबर दोन बुधवर्षांचा होतो. मग इथे तरी अंतरानेच दिवस ठरवला असे म्हणावे का? सूर्याच्या भरतीच्या ओढीने बुधाची गिरकी मंदावली हे खरे. पण ही ओढ काम करते ती अतिदीर्घ काळात, आणि शेवट कुठे होईल हे सुरुवातीच्या गिरकीवर व कक्षेच्या लंबगोलपणावर अवलंबून असते. १९६५ मध्ये रडारने मोजणी होईपर्यंत बुधाची फेरी ८८ दिवसांची मानली जात होती. निव्वळ जवळिकीवरून बांधलेला तर्क तिथे चुकला. पृथ्वीचाही दाखला हेच सांगतो. चंद्रामुळे येणाऱ्या भरतीने आपला दिवस शतकामागे सुमारे दोन मिलिसेकंदांनी वाढतो. जवळजवळ ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरील वाढीच्या रेघांवरून तेव्हाच्या वर्षात सुमारे ४०० दिवस होते असे दिसते. वर्ष जवळपास तेवढेच राहिले, लांबला तो दिवस.

सूर्यमालेबाहेरही हाच भेद दिसतो. ५१ पेगासी ताऱ्याभोवतीचा ग्रह १९९५ मध्ये सापडला, तेव्हाच त्याचे वर्ष ४.२ दिवसांचे असल्याचे कळले. असे हजारो ग्रह आता माहीत आहेत आणि त्यांतील बहुतेकांची वर्षे मोजलेली आहेत, पण दिवस फारच थोड्यांचे. ही उणीव केवळ उपकरणांची नाही: वर्ष ताऱ्याच्या ओढीतून उघड होते, दिवसासाठी त्या ग्रहाचा स्वतःचा इतिहास वाचावा लागतो.