महामारी आणि कर्करोगनिदान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९४१ मध्ये मुंबईतील परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. कालांतराने दूरच्या रुग्णांसाठी परळपर्यंतचा रेल्वेप्रवास उपचाराचाच भाग बनला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू होऊन प्रवासी गाड्या थांबल्या आणि हा दुवा तुटला. देशातील ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीनुसार, मार्च ते मे २०२० या काळात नव्या रुग्णांची नोंदणी २०१९ च्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली. १,१२,२७० वरून ती ५१,७६० वर आली. ही घट रोगाची नसून निदानाची होती. मुखाचा वा स्तनाचा कर्करोग प्रारंभीच आढळल्यास बरा होण्याची शक्यता अधिक असते. म्हणूनच महामारीच्या इतिहासात साथीच्या मृत्यूंबरोबर लांबलेल्या निदानांचीही नोंद होणे अगत्याचे ठरते.