शुक्रवार, दुपारचे तीन

मृत्यूची वेळ नोंदलेली आहे: दिवसाचा नववा तास, म्हणजे आपल्या घड्याळाने दुपारचे सुमारे तीन. वार शुक्रवार. वर्ष बहुधा इ.स. ३० किंवा ३३. जागा यरुशलेमच्या तटाबाहेरची, नाव गुलगुथा. शिक्षा रोमी, ती सुनावणारा रोमी सुभेदार पंतय पिलात. मरणारा नासरेथचा येशू, धंद्याने सुतार, वय तिशीतलं.

तेव्हा दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजत आणि रात्रीचे चार प्रहर करत. पुढच्या वेळा त्या मोजणीने अंदाजे काढल्या आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चौघांच्या शुभवर्तमानांतले तपशील काही ठिकाणी जुळत नाहीत. क्रम मार्कचा धरला आहे, इतरांच्या नोंदी त्यात बसवल्या आहेत.

गुरुवार, सूर्यास्त. उरले २१ तास.

यहुद्यांचा वल्हांडणाचा सण. यात्रेकरूंनी यरुशलेम भरलं आहे. दिवस पौर्णिमेचे. एका घराच्या माडीवर तेरा माणसं जेवायला बसली आहेत: येशू आणि त्याचे बारा शिष्य. त्यांतल्या एकाने, यहूदा इस्कर्योताने, येशूला धरून देण्याची बोलणी मुख्य याजकांशी आधीच केली आहेत. मत्तय रक्कम नोंदवतो: चांदीची ३० नाणी. बैलाने भोसकून मारलेल्या दासाची भरपाई मोशेच्या नियमशास्त्रात तेवढीच होती.

जेवता जेवता येशू उठतो. कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊ लागतो. हे काम घरच्या गड्याचं. पेत्र आधी नको म्हणतो, मग ऐकतो. यहूदा अजून खोलीतच आहे. त्याचेही पाय धुतले जातात. ते पाय थोड्या वेळाने कुठे जाणार, हे धुणाऱ्याला माहीत आहे.

रात्रीचे ८. उरले १९ तास.

आपल्यातलाच एक जण आपल्याला धरून देणार, असं येशू सर्वांसमोर सांगतो. प्रत्येक जण विचारतो, मी तर नाही ना? येशू भाकरीचा तुकडा बुडवून यहूदाच्या हाती देतो आणि जे करायचं ते लवकर कर म्हणतो. यहूदा उठून बाहेर जातो.

अकरा जण हे पाहतात. कुणी त्याला अडवत नाही. पैशांची थैली यहूदाकडे असे, म्हणून त्यांना वाटतं, सणासाठी काही आणायला किंवा गरिबांना काही द्यायला गेला असेल.

मग येशू भाकरी मोडतो, प्याला फिरवतो. हे माझं शरीर, हे पुष्कळांसाठी ओतलं जाणारं माझं रक्त, असं सांगतो. मरण कशासाठी, ते मरणाआधीच सांगून झालं आहे. ऐकणाऱ्यांच्या ते ध्यानात आलेलं नाही.

रात्रीचे ९. उरले १८ तास.

पेत्राला ताकीद मिळते: कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीन वेळा नाकारशील. पेत्र म्हणतो, मरावं लागलं तरी नाही. बाकीचेही तेच म्हणतात. लूक सांगतो, शिष्यांनी येशूला दोन तलवारी काढून दाखवल्या. अकरा माणसं, दोन तलवारी.

स्तोत्र गाऊन ते बाहेर पडतात. किद्रोन ओहोळ ओलांडतात.

रात्रीचे १०. उरले १७ तास.

जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी गेथशेमाने नावाची बाग. येशू इथे नेहमी येत असे. यहूदाला ही जागा ठाऊक होती, आणि ती त्याला ठाऊक आहे हे येशूला माहीत होतं.

इथे जरा थांबायला हवं. डोंगर चढून पलीकडे उतरलं की बेथानी. योहान अंतर देतो: १५ स्तादिया, म्हणजे तीन किलोमीटरच्या आत. तिथे मार्था, मरीया आणि लाजार या त्याच्या स्नेह्यांचं घर होतं. त्याच्या पुढे यहूदियाचं रान, गुहा आणि घळी. पूर्वी दावीद राजाही जिवाच्या भीतीने याच डोंगरावरून रानाकडे निघून गेला होता. चालत्या माणसाला तासाभरात गाठता येईल एवढ्यावर सुटका होती. पकडायला येणारे शहरातून निघून दरी ओलांडून येणार होते, हातात मशाली आणि कंदील घेऊन. ते दुरूनच दिसले असणार.

तो गेला नाही. थोडं पुढे जाऊन त्याने जमिनीवर पालथं पडून प्रार्थना केली: शक्य असेल तर हा प्याला टळो, पण इच्छा तुझीच होवो. लूक लिहितो, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. त्याला मरण नको होतं. हे शुभवर्तमानांनी लपवलेलं नाही, आणि लपवलं नाही म्हणूनच त्याच्या थांबण्याची किंमत कळते.

पेत्र, याकोब आणि योहान यांना त्याने एवढंच सांगितलं होतं: जागे राहा. तीन वेळा येऊन पाहिलं. तिन्ही वेळा ते झोपलेले होते.

एरवी अशा घटनाक्रमात पुढे काय येणार हे मरणाऱ्यालाच ठाऊक नसतं. इथे वेळ त्या एकालाच कळत होती.

मध्यरात्र. उरले १५ तास.

तलवारी आणि सोटे घेतलेली टोळी बागेत शिरते. खूण ठरलेली आहे. यहूदा पुढे होतो आणि येशूचं चुंबन घेतो. मत्तयाच्या वृत्तांतात येशू त्याही क्षणी त्याला मित्र म्हणून हाक मारतो.

पेत्र तलवार उपसतो आणि महायाजकाचा दास मल्ख याचा उजवा कान तोडतो. येशू तलवार म्यानात घालायला सांगतो. लूकच्या नोंदीनुसार तो कान बरा करतो. अटकेआधीचं त्याचं शेवटचं काम पकडायला आलेल्या माणसावरचा उपचार हे आहे.

मागितलं तर पिता देवदूतांच्या बारा पलटणी पाठवील, असं तो म्हणतो. रोमी पलटण साधारण पाच हजारांची. तो मागत नाही. शिष्य पळून जातात, सगळे.

पहाटेचे ३. उरले १२ तास.

आधी माजी महायाजक हन्ना, मग त्याचा जावई, महायाजक कयफा. मृत्युदंडासाठी किमान दोन साक्षीदार लागत. साक्षीदार पुष्कळ आणले जातात, साक्षी जुळत नाहीत. खटला इथेच पडायचा. कयफा थेट आरोपीला विचारतो: तू ख्रिस्त आहेस का? गप्प राहिलं तरी भागलं असतं. येशू होय म्हणतो.

खाली अंगणात गारठा आहे. कोळशाच्या विस्तवाशी पेत्र शेकत उभा आहे. एक दासी त्याला ओळखते. तो नाही म्हणतो. पुन्हा कुणी तेच म्हणतं, तो पुन्हा नाही म्हणतो. तिसऱ्यांदा शपथ घेऊन नाही म्हणतो. कोंबडा आरवतो. लूक एक वाक्य जास्त लिहितो: प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. पेत्र बाहेर जाऊन रडतो.

शुक्रवार, सकाळचे ६. उरले ९ तास.

बांधलेल्या येशूला पिलाताकडे नेतात. क्रूसाची शिक्षा रोमची, हुकूमही रोमचाच लागणार. पुढे शतकानुशतकं या मरणाचा दोष साऱ्या यहुदी लोकांवर लादला गेला आणि त्यापायी त्यांचा छळ झाला. येशू, त्याची आई आणि पळालेले शिष्यही यहुदीच होते. कॅथलिक चर्चने तो आरोप औपचारिकपणे नाकारायला २८ ऑक्टोबर १९६५ उजाडला. हे ख्रिस्ती माणसाने लाजेने सांगायला हवं.

त्याच सकाळी यहूदा ३० नाणी परत करायला जातो. याजक घेत नाहीत. नाणी मंदिरात फेकून तो जातो आणि गळफास घेतो. त्या पैशांतून कुंभाराचं शेत विकत घेतलं जातं, परक्यांना पुरण्यासाठी. पेत्राने नाकारलं, यहूदाने विकलं. पेत्र क्षमा मिळेपर्यंत थांबला. यहूदा थांबला असता तर त्यालाही ती मिळाली असती, असं मला मनापासून वाटतं.

सकाळचे ७. उरले ८ तास.

पिलाताला दोष सापडत नाही. आरोपी गालीलचा आहे कळताच तो त्याला तिथला अधिपती हेरोद अंतिपा याच्याकडे पाठवतो. हेरोदाला चमत्कार पाहायचा आहे. एक चमत्कार आणि कदाचित सुटका. येशू एक शब्दही बोलत नाही. हेरोद त्याला परत धाडतो.

पिलात न्यायासनावर असताना त्याच्या बायकोचा निरोप येतो: त्या नीतिमान माणसाच्या वाटेला जाऊ नका, त्याच्यापायी स्वप्नात मला फार त्रास झाला. निरोप पोहोचतो. उपयोग होत नाही.

आरोपी निर्दोष आहे, असं पिलात लूकच्या वृत्तांतात तीन वेळा म्हणतो.

सकाळचे ८. उरले ७ तास.

सणाला एक कैदी सोडायची रीत. पिलात जमावापुढे पर्याय ठेवतो: येशू की बरब्बा. बरब्बा बंडात खून केल्याबद्दल कैदेत आहे. जमाव बरब्बा मागतो. पिलात पाणी मागवून हात धुतो आणि येशूला फटके मारून क्रूसावर द्यायला सांगतो.

बरब्बाचं पुढे काय झालं, हे शुभवर्तमानं सांगत नाहीत. तो सुटला, एवढं नोंदलेलं आहे. त्याच्या जागी दुसरा मेला. आपल्या जागी ख्रिस्त मेला असं आम्ही ख्रिस्ती लोक म्हणतो, ते श्रद्धेने. बरब्बाच्या बाबतीत ते त्या दिवशी अक्षरशः घडलं.

सकाळचे ९. उरले ६ तास.

वाटेत कुरेनेचा शिमोन शेतावरून येताना दिसतो. शिपाई त्याला क्रूस वाहायला लावतात.

गुलगुथावर गंधरस घातलेला द्राक्षारस पुढे केला जातो, वेदना बोथट करणारा. येशू घेत नाही.

खिळे ठोकले जातात. या शिक्षेचा पुरावा हाडांतही सापडला आहे. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला एका कबरीत येशूच्याच शतकातल्या एका माणसाचं टाचेचं हाड मिळालं, आरपार लोखंडी खिळा असलेलं. खिळा सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांब.

डोक्यावरची पाटी तीन भाषांत: इब्री, लॅटिन, ग्रीक. चार शिपाई कपडे वाटून घेतात, बिनशिवणीच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. येशू त्यांच्यासाठी क्षमा मागतो. मागणाऱ्याचे हात त्या वेळी खिळलेले आहेत, आणि माफी कुणी मागितलेली नाही.

सकाळचे ११. उरले ४ तास.

खालून टोमणे येतात: दुसऱ्यांना वाचवलं, स्वतःला वाचवता येत नाही, आता क्रूसावरून उतर, म्हणजे विश्वास ठेवू. या टोमण्यात अख्खा ख्रिस्ती विश्वास आहे, बोलणाऱ्यांच्या नकळत. दुसऱ्यांना किंवा स्वतःला, एकालाच वाचवायचं होतं आणि निवड आदल्या रात्री बागेत झाली होती.

शेजारच्या क्रूसावरचा एक गुन्हेगार म्हणतो, तुझ्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव. त्याच्याकडे द्यायला काही नाही, सुधारायला वेळ नाही. आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असा शब्द येशू त्याला देतो. योहानाच्या वृत्तांतात आईला तो क्रूसाजवळ उभ्या असलेल्या एका शिष्याच्या हाती सोपवतो.

दुपारचे १२. उरले ३ तास.

देशभर अंधार पडतो. या तीन तासांबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ काही सांगत नाहीत. महाराष्ट्रातल्या कित्येक चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना चालते, येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात.

दुपारचे ३.

येशू मोठ्याने ओरडतो. देवाने आपल्याला का सोडलं, हा बाविसाव्या स्तोत्रातला प्रश्न तो आपल्या मायबोलीत, अरामीत विचारतो. उत्तर येत नाही. आदल्या रात्री पित्याने प्याला टाळला नव्हता. आताही तो मध्ये पडत नाही. एकट्या पुत्रानेच दिलं असं नव्हे, पित्यानेही दिलं, असं आमचा विश्वास सांगतो. या तीन वाजण्याला आम्ही प्रीती म्हणतो ते त्यामुळे.

बोळा आंबट द्राक्षारसात बुडवून त्याच्या तोंडाशी धरतात. तो मोठ्याने हाक मारून प्राण सोडतो. मंदिराचा पडदा वरून खालपर्यंत फाटतो. पहाऱ्यावरचा रोमी शताधिपती म्हणतो, हा खरोखर देवाचा पुत्र होता.

सूर्यास्तापूर्वी.

क्रूसावर माणसाला मरायला कधी कधी दिवस लागत. येशू सहा तासांत मेला हे ऐकून पिलाताला नवल वाटतं. तो शताधिपतीकडून खात्री करून घेतो आणि देह अरिमथाईच्या योसेफाला देतो. योसेफ येशूला दोषी ठरवणाऱ्या यहुदी न्यायसभेचा सभासद, पण त्या निर्णयाला त्याची संमती नव्हती.

त्याच्याबरोबर निकदेम येतो. पूर्वी तो रात्रीच्या वेळी येशूला भेटायला आला होता. देवाच्या प्रीतीविषयीचं जे वचन मराठी चर्चमधली मुलं आजही पाठ करतात, योहान ३:१६, ते त्या भेटीच्या वृत्तांतात आहे. आता तो गंधरस आणि अगरूचं मिश्रण घेऊन आला आहे: १०० लित्रा, सुमारे ३३ किलो. देह नव्या कबरीत ठेवतात. येशूची अनुयायी मग्दालीया मरीया जागा पाहून ठेवते. शब्बाथ लागतो.

शनिवार.

मुख्य याजक आणि परूशी पिलाताकडे जातात. तिसऱ्या दिवशी आपण उठू असं तो म्हणाला होता, हे त्यांना आठवलं आहे. कबरीच्या दगडावर मोहोर लावतात, पहारा बसवतात. शिष्यांनी तेच शब्द निदान तीन वेळा ऐकले होते. त्यांच्यापैकी एकालाही ते आठवले नव्हते.