गॅरंडची रायफल

शिपायाच्या बंदुकींत दोन गुण असावे लागतात. तिनें दूरचें व नेमकें मारावें, हा एक. आणि चाप ओढतांच ती उडावी, हा दुसरा. पहिल्या गुणाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याची आठवण बहुधा बंदूक ऐन वेळीं अडली म्हणजेच होते.

जुन्या रायफलींत प्रत्येक बारानंतर शिपाई बोल्ट हातानें मागें ओढी, रिकामें काडतूस बाहेर पडे, आणि बोल्ट पुढें लोटला कीं नवें काडतूस नळींत जाई. दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणी इटलीच्या डोंगरांत लढल्या त्या अशाच ली-एन्फील्ड रायफली घेऊन. या पद्धतींत कष्ट होते, पण एक सोयही होती. काडतूस चिकटलें तर शिपाई थोडा अधिक जोर लावी. चिखल असला तर दोनदां हिसका देई. अर्धस्वयंचलित रायफलींत तो समजूतदार हात नाहींसा होतो. त्याचें काम जळत्या दारूच्या वायूनें आणि एका स्प्रिंगनें करावयाचें असतें, आणि तेंही क्षणाच्या अल्पशा भागांत.

मेक्सिकोच्या माँड्रॅगॉननें व पहिल्या महायुद्धांत फ्रेंचांनीं हा प्रयत्न करून पाहिला होता. परंतु एका मोठ्या सैन्यानें आपल्या सर्व पायदळासाठीं अशी रायफल स्वीकारली ती प्रथम अमेरिकेंत, आणि तिचा कर्ता होता जॉन गॅरंड.

गॅरंडचा जन्म १८८८ सालीं कॅनडाच्या क्विबेक प्रांतांत झाला. लहानपणींच कुटुंबाबरोबर तो अमेरिकेंत आला. कापडाच्या गिरणींत झाडलोट करतां करतां त्याला यंत्रांचा नाद लागला. पुढें हत्यारें घडविणारा कुशल कारागीर म्हणून त्यानें नांव मिळविलें, आणि १९१९ सालीं तो मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेंत रुजू झाला. तेथेंच त्याचें उरलेलें कर्तृत्व घडलें.

त्याची पहिली कल्पना मोठी चमत्कारिक होती. काडतुसाच्या बुडाशीं असलेली टिकली बार उडतांना किंचित् मागें सरकते. त्या सरकण्यावरच त्यानें सारें यंत्र चालविलें! पण सैन्यानें दारू बदलली, टिकली काडतुसांत घट्ट दाबून बसविण्याची पद्धत आली, आणि कित्येक वर्षांची मेहनत वायां गेली. मग तो वायूच्या शक्तीकडे वळला. गोळी नळीच्या टोकाशीं पोंचली कीं तिच्यामागचा थोडा वायु अडवावयाचा, त्यानें एक दट्ट्या मागें ढकलावयाचा, दट्ट्याला जोडलेल्या दांड्यानें बोल्ट फिरवून उघडावयाचा. खरें कौशल्य वेळ साधण्यांत आहे. बोल्ट लवकर उघडला तर नळींत दाब अजून भरलेला असतो, काडतूस भिंतींना घट्ट चिकटलेलें असतें, आणि ओढतांना तें फाटतें. वायु अपुरा पडला तर बोल्ट अर्ध्यावरूनच परततो. नळीच्या टोकाशीं दाब बराच उतरलेला असतो, म्हणून गॅरंडनें तीच जागा पसंत केली.

त्याचा प्रतिस्पर्धी जॉन पेडरसन हाही मोठ्या बुद्धीचा मनुष्य. त्याच्या रायफलींत दट्ट्या नव्हता. पण काडतुसें सुटून यावींत म्हणून त्यांना मेणाचा पातळ लेप द्यावा लागे. सैन्याच्या मनांत या लेपाविषयीं कायम शंका राहिली. दोघांच्याही रायफली .२७६ इंच व्यासाच्या हलक्या काडतुसासाठीं होत्या, आणि १९३२ च्या जानेवारींत परीक्षकांनीं गॅरंडची दहा बारांची रायफल निवडली. परंतु फेब्रुवारींत सेनाप्रमुख मॅकआर्थर यांनीं नवें काडतूस साफ नाकारलें. कोठारांत .३० इंचाचीं काडतुसें रग्गड होतीं, मशीनगनींना तींच लागत, आणि त्या मंदीच्या दिवसांत पैसा नव्हता. गॅरंडला रायफल जोरदार काडतुसासाठीं पुन्हां बांधावी लागली. दहांचे आठ बार झाले. १९३६ च्या जानेवारींत ती ‘एम-१’ या नांवानें स्वीकारली गेली. पुढें महायुद्धांत दारूगोळ्याची जी ओढाताण झाली असती ती मॅकआर्थर यांच्या नकारानें टळली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

एवढ्यानें काम संपलें असें वाटेल. पण खऱ्या अडचणी कारखान्यांतच सुरू झाल्या. १९३७ च्या सप्टेंबरांत दिवसाला दहा रायफली निघूं लागल्या. हातानें घासूनपुसून जुळविलेला नमुना चालतो, म्हणून यंत्रावर कापलेली हजारावी प्रतही चालेल असें नाहीं. आठांपैकीं सातवें काडतूस मध्येंच उसळून अडकूं लागलें. गॅरंडच्या स्वतःच्या नमुन्यांत ही खोड नव्हती! शोधाअंतीं कारण सांपडलें तें असें : नमुन्यांत काडतुसाला वाट दाखविणारी धातूची एक बारीक कड राहिली होती, कारखान्यांतील मोठ्या कातऱ्यानें ती कापून टाकली होती. कड परत ठेवली आणि सातवें काडतूस सरळ चालूं लागलें.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. वायु अडविण्यासाठीं नळीच्या तोंडावर बसविलेल्या टोपणांत काजळी सांचे, तें हललें तर गोळीच्या मार्गांत येण्याची भीति असे, आणि संगीन तेथें भक्कम बसत नसे. गॅरंडनें टोपण काढून टाकलें व टोकाजवळ नळीलाच एक लहानसें छिद्र पाडलें. १९४० पासून रायफली याच प्रकारानें निघूं लागल्या. टिकलींतील क्षारांनीं पोलाद गंजे, म्हणून दट्ट्याभोंवतीची नळी न गंजणाऱ्या पोलादाची होती.

इतकें होऊनही टीका थांबली नाहीं. मेल्व्हिन जॉन्सन या मरीन राखीव दलाच्या अधिकाऱ्यानें स्वतःची रायफल पुढें आणली, वर्तमानपत्रांनीं वाद पेटविला, आणि १९४० सालीं तो अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेला. मरीन दलानें त्या वर्षाच्या अखेरीस चिखलांत व खाऱ्या पाण्यांत रायफली घोळून पाहिल्या. सर्वांत कठीण कसोट्यांना जुनी हातानें चालणारी स्प्रिंगफील्डच उतरली. अर्धस्वयंचलितांत मात्र गॅरंडची सरस ठरली. पावसांत तिच्या घासणाऱ्या भागांवरचें तेल धुऊन जाई व बोल्ट जड होई. त्यावर उपाय निघाला तो तेलाऐवजीं घट्ट वंगणाचा. त्याची लहानशी डबी शिपायाच्या सामानांत आली.

१९४२ च्या ऑगस्टांत ग्वाडलकॅनालवर उतरलेल्या मरीनांजवळ जुन्या स्प्रिंगफील्ड रायफली होत्या. ऑक्टोबरांत सैन्याची १६४ वी पायदळ रेजिमेंट एम-१ घेऊन आली, तेव्हां त्या दलदलीच्या बेटावर मरीनांनाच तिचा हेवा वाटूं लागला. युद्ध संपेपर्यंत सुमारें चाळीस लाख एम-१ तयार झाल्या. त्यांपैकीं पांच लाखांहून अधिक विंचेस्टर कंपनीनें बनविल्या.

गॅरंडनें आपले हक्क १९३६ सालींच सरकारला देऊन टाकले होते. इतक्या रायफलींमागें त्याला पगाराखेरीज कांहीं मिळालें नाहीं. त्याला एक लाख डॉलर द्यावे असें विधेयक काँग्रेसपुढें आलें, पण तें मंजूर झालें नाहीं. १९५३ सालीं तो शस्त्रशाळेंतून निवृत्त झाला. ती शाळा १९६८ सालीं सरकारनें बंद केली. गॅरंड त्यानंतर सहा वर्षांनीं, १९७४ सालीं, स्प्रिंगफील्ड गांवांतच वारला.