ग्रंथाचा विस्तार आणि वाचकाची सवड

कडोदऱ्याच्या चौरस्त्यावर मुंबई–अहमदाबाद आणि सुरत–धुळे हे दोन महामार्ग एकमेकांस छेदतात. यांपैकी दुसऱ्या मार्गाने, आणि त्याहून जुन्या अशा ताप्ती व्हॅली रेल्वेने, खानदेशातील हजारो कुटुंबे सुरतेच्या आसमंतातील मागांवर आणि रंगाईच्या कारखान्यांत कामास आली. त्यांची मुले घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत मराठी बोलतात. अशा एका शाळेच्या मुख्याध्यापकाने ग्रंथविस्तारासारख्या विषयावर लिहावे, यास निमित्त झाले ते शाळेतील पुस्तकांच्या देवघेवीच्या वहीचे.

त्या वहीवरून असे दिसते की पातळ पुस्तके वारंवार बाहेर गेली आणि जाड पुस्तकांसमोर वर्षानुवर्षे एकही नोंद पडली नाही. मुले पुस्तकाचे नाव पाहात नाहीत, लेखकाचे तर नाहीच. ती पाठीची जाडी पाहतात. हे ध्यानात आल्यावर मी एक नियम केला. साठ-सत्तर पृष्ठांपलीकडचे पुस्तक शाळेसाठी मागवावयाचे नाही! मुलांची शक्ती तेवढीच, असा माझा समज होता. नियम काही वर्षे चालला. पुस्तके जात, दुसऱ्या दिवशी परत येत, आणि त्यांतल्या एकाविषयीही कोणी काही विचारीत नसे. हा नियम चुकीचा होता असे आता वाटते. चूक कोठे झाली हे समजण्यासाठी मराठी वाचनाच्या इतिहासात जरा मागे जावे लागते.

मुद्रणपूर्व काळात आपल्याकडे लहान ग्रंथच वाचले जात असे कोणी म्हणणार नाही. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९०००. दासबोधाचे वीस दशक, म्हणजे २०० समास. श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप ६४ अध्यायांचा. हे ग्रंथ अक्षरशत्रू समाजानेही शतकानुशतके ऐकले. त्या श्रोत्यांस आजच्यापेक्षा सवड अधिक होती, हे उत्तर सोपे आहे. पण नांगर आणि मोट चालविणाऱ्याची सवड आपण समजतो तेवढी नव्हती. खरे कारण निराळे आहे. ग्रंथ केवढा आहे याचा विचार श्रोत्यास करावाच लागत नसे; आज कोठवर, एवढेच त्याला ठाऊक असे. गुरुचरित्राच्या सप्ताहात कोणत्या दिवशी कोठे थांबावे हे परंपरेने ठरलेले आहे. दासबोधाचा रोज एक समास वाचणारे गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत. ज्याला तेवढीही सवड नाही त्याच्यासाठी गुरुचरित्राची अवतरणिका आहे. ज्ञानेश्वरीतील अध्यायांचे मान तर फारच विषम आहे. अठराव्या अध्यायाच्या ओव्या सुमारे १८००, आणि बाराव्याच्या २५०च्या आत. म्हणून बारावा अध्याय स्वतंत्रपणेही वाचला जातो. परंतु त्यामुळे अठरावा कोणी टाकून दिला नाही.

मुद्रणानंतर ही वाटणी पुराणिकाच्या हातून संपादकाच्या हाती गेली. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तारा’तून वाचकांपुढे आली ती १८७१ च्या सुमारास. परंतु या पद्धतीचा खरा उत्कर्ष हरि नारायण आपट्यांच्या ‘करमणुकी’त दिसतो. १८९० साली निघालेल्या या साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९३ साली ग्रंथरूपाने आली. यमूचे आयुष्य वाचकाने आठवड्या-आठवड्याने सोसले. एका बैठकीत वाचणाऱ्यास आज जे पाल्हाळ वाटते, ते आठ दिवसांच्या अंतराने वाचणाऱ्यास तसे वाटले नसावे. मागचा धागा जोडून देणे हे त्या लेखनाचे कर्तव्यच होते. आपट्यांवर पाल्हाळाचा आरोप करणाऱ्या टीकाकारांनी त्यांच्या कादंबऱ्या ज्या वेगाने वाचावयाच्या होत्या त्या वेगाने वाचल्या नाहीत, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आम्ही गुजरातेत राहणारे, म्हणून शेजारच्या घरातही डोकावतो. गुजरातीतील पहिली कादंबरी मानली जाणारी ‘करण घेलो’ १८६६ साली प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते नंदशंकर मेहता हे सुरतेतील हेडमास्तर. (आमच्या व्यवसायातील माणसाने परिपत्रकांखेरीज काही लिहिले, हे वाचून बरे वाटते.) पुढे गोवर्धनराम त्रिपाठींच्या ‘सरस्वतीचंद्र’चे चार भाग १८८७ ते १९०१ या काळात निघाले. पहिला भाग वाचणाऱ्यास अखेरच्या भागासाठी चौदा वर्षे थांबावे लागले, आणि वाचक थांबले. इंग्लंडात याच सुमारास उलट घडत होते. मुडीच्या फिरत्या ग्रंथालयाने तीन खंडांची महाग कादंबरी अर्धशतक पोसली, कारण तिचा एकेक खंड वेगवेगळ्या वर्गणीदारांस देता येई. १८९४ साली त्याच ग्रंथालयाने नापसंती दर्शविताच तो प्रकार थोड्याच वर्षांत नाहीसा झाला. विस्तार वाचकाला आवडतो की नाही हे कित्येकदा दुकानदारच ठरवितो, ते असे.

मराठीत संक्षेपाची ओढ लागली ती मासिकांमुळे. आपट्यांच्या ‘स्फुट गोष्टी’देखील कित्येक अंकांतून पुरवून पुरवून येत. १८९५ साली निघालेल्या ‘मासिक मनोरंजना’त ‘संपूर्ण गोष्ट’ रूढ झाली, आणि वि. सी. गुर्जरांनी ती लोकप्रिय केली. या नावातील ‘संपूर्ण’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. गोष्ट लहान आहे असे ते नाव सांगत नाही. ती याच अंकात संपेल, असे आश्वासन देते. अमेरिकन लेखक पो याने १८४२ साली एका बैठकीत वाचून होणाऱ्या कथेची थोरवी सांगितली होती. बैठक मोडली की परिणामाची एकता मोडते, असे त्याचे म्हणणे. त्याच दिशेचा विचार पुढे आपल्याकडे लघुकथेच्या तंत्राच्या रूपाने आला, आणि पाहता पाहता आटोपशीरपणा हा सोय न राहता गुण ठरला. खानदेशातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी या लघुकथेस फार खालचे स्थान दिले आणि कादंबरीचा विचार भाषिक अवकाशाच्या अंगाने केला. त्यांच्या म्हणण्यातील दुसरा भाग मला पटतो, पहिला पटत नाही. ‘बनगरवाडी’ (१९५५) ही लहानखुरी कादंबरी आहे. पण तिच्यातील कोवळ्या वयाच्या मास्तराबरोबर माणदेशातील त्या वाडीवर गेलेला वाचक अवकाश कमी पडला अशी तक्रार करील, असे वाटत नाही.

ज्या दशकात ‘वाचकाला आता वेळ नाही’ हे वाक्य सर्रास ऐकू येऊ लागले, त्याच दशकात ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि हजारावर पृष्ठांची ‘श्रीमान योगी’ (१९६८) या कादंबऱ्या घरोघर गेल्या. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील रंगाईच्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीत काम करतात. मुलाचे पुस्तक परत द्यावयास आले असता त्यांनी माझ्या कपाटातील ‘मृत्युंजय’ मागून नेले व अडीच महिन्यांनी आणून दिले. “एवढे कसे वाचलेत?” असे मी विचारले. ते म्हणाले, “सर, एवढे कुठे? आज शोण, उद्या वृषाली. ज्याचे बोलणे चालू असेल त्याचे ऐकायचे.” शिवाजी सावंतांनी कर्णकथा अनेकांच्या मुखांतून सांगितली, तिचे कलात्मक समर्थन समीक्षकांनी केलेच आहे. परंतु ही योजना थकलेल्या माणसाला मुक्कामाची जागाही देते, हे मला या गृहस्थांनी शिकविले.

माझ्या नियमातील चूक तेव्हा उमगली. मुलांना विस्ताराचे भय नव्हते. कोठे थांबावयाचे हे त्यांना कोणी सांगत नव्हते. ज्या पुस्तकाने हे उघड सांगितले आहे ते तर आमच्या कपाटात पडून होते. ताप्तीच्या याच रेल्वेवरील अमळनेरला ज्यांनी शिक्षकी केली, त्या साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली. तिच्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, आणि त्या ४२ आहेत. पुराणिकाची जुनी वाटणी गुरुजींनी ग्रंथाच्या पोटातच घालून ठेवली आहे.

यंदा सातवीच्या वर्गात शेवटच्या तासाला रोज एक रात्र वाचावयाची, असे ठरविले. कधी मी वाचीत असे, कधी मुले. एकोणिसाव्या रात्रीशी दिवाळीची सुट्टी लागली आणि निम्मा वर्ग गावी निघाला. एक मुलगी मागे रेंगाळली. “सर, पुढच्या रात्री घरी नेऊ का?” वहीत त्या पुस्तकासमोर पहिलीच नोंद पडली. सुट्टीनंतर पुस्तक परत आले तेव्हा खुणेसाठी घातलेले गाडीचे तिकीट एकतिसाव्या रात्रीपाशी होते. नोंद खोडावयास मी वही उघडली, तो तिने पुस्तक पुन्हा आपल्याकडे ओढले आणि त्याच नावावर आणखी आठ दिवस लिहून घ्यावयास सांगितले.