पलीकडच्या टोकाचा जोडीदार : आरसिंकपासून आरक्लोनपर्यंत

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यापूर्वी जवळपास दशकभर एर्नेट या प्रकल्पाद्वारे पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची सॉफ्टवेअर संशोधन संस्था एनसीएसटी यांना जोडण्याचे काम चालू होते. दूरध्वनीच्या तारेवरून मिळणारा वेग तेव्हा सेकंदाला ९,६०० बिट इतका असे. या वेगाने २४ एमबीची एक फाइल उतरवून घ्यायची तर सुमारे साडेपाच तास लागत, आणि तेही मध्येच जोडणी तुटली नाही तर.

२४ एमबी हा आकडा सहज निवडलेला नाही. पुढच्याच वर्षी, जून १९९६ मध्ये, कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी एक छोटासा तांत्रिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात चाचणीसाठी घेतलेली फाइल याच आकाराची होती : लिनक्सच्या मूळ प्रोग्रॅमचा संपूर्ण गठ्ठा. जुनी आवृत्ती एका यंत्रावर, नवी दुसऱ्यावर, आणि मधली तार बारीक व संथ. दोन्ही आवृत्त्यांत बराच मजकूर समान आहे हे उघड होते. मग पूर्ण फाइल पुन्हा कशाला पाठवायची? फक्त बदल पाठवावा. पण बदल कोणता हे कळायला दोन्ही फाइली एका ठिकाणी असाव्या लागतात, आणि त्या एका ठिकाणी आणायच्या तर एक फाइल पूर्ण पाठवावी लागते. या कोंडीतून काढलेली वाट म्हणजे आरसिंक.

वाट अशी. ज्याच्याकडे जुनी फाइल आहे त्याने तिचे सारख्या लांबीचे तुकडे पाडायचे. प्रत्येकी पाचशे ते हजार बाइट पुरेत, असे अहवालात सुचवले आहे. प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा काढायच्या. एक ३२ बिटांची, काढायला स्वस्त पण काहीशी भोळी. दुसरी १२८ बिटांची, काढायला महाग पण सहसा न फसणारी. या खुणांची यादी तेवढी समोर पाठवायची. समोरचा आपल्या नव्या फाइलवर तुकड्याच्या लांबीची खिडकी ठेवतो आणि ती एकेक बाइट पुढे सरकवत प्रत्येक जागी विचारतो, की ही खूण यादीत आहे का. भोळी खूण जुळली तरच महाग खूण काढून खात्री करायची. जुळलेल्या तुकड्यांचे फक्त क्रमांक पाठवायचे, न जुळलेला मजकूर जसाच्या तसा.

एकेक बाइट सरकताना दरवेळी नव्याने खूण काढावी लागली असती, तर हा उपाय रोगापेक्षा भारी ठरला असता. खरी कल्पकता इथे आहे. गेल्या दहा दिवसांच्या पावसाची बेरीज रोज ठेवणारा वेधशाळेतला कारकून दररोज दहा आकडे मिळवीत बसत नाही. कालच्या बेरजेतून सर्वांत जुना दिवस वजा करतो आणि आजचा मिळवतो. आरसिंकची स्वस्त खूण नेमकी अशीच सरकती आहे. नुसत्या बेरजेला क्रम कळत नाही, म्हणून तिच्या जोडीला स्थानानुसार वजन दिलेली दुसरी बेरीज असते. तीही एका वजाबाकीने आणि एका बेरजेने पुढे सरकते. लिनक्सच्या त्या चाचणीत तुकड्याची लांबी योग्य ठेवल्यावर दोन्ही दिशांना मिळून मूळ आकाराच्या एक-दशांशाच्या आसपासच मजकूर तारेवरून गेला. ट्रिजेल यांच्या १९९९ च्या प्रबंधात हीच रीत विस्ताराने आली आहे.

पुढच्या काळात या साधनाने जगभर मुकाट्याने काम केले. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारी केंद्रे त्यावर चालली. कानपूरच्या आयआयटीतही अशी प्रत ठेवली जाई. महासंगणकावरून प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेतून घरी विदा नेणाऱ्या संशोधकाला आरसिंक हे क्रियापदासारखे वापरायची सवय लागली. मात्र त्यामागचे एक गृहीतक सहसा कोणाच्या लक्षात येत नसे, कारण ते नेहमी पूर्ण होत असे : पलीकडच्या टोकाला आरसिंक चालू शकत होता. तुकडे पाडणारा, खुणा काढणारा, उत्तर देणारा एक जोडीदार तिथे होता.

१४ मार्च २००६ रोजी ॲमेझॉनने एस-३ ही साठवण सेवा सुरू केली आणि हा जोडीदार नाहीसा झाला.

एस-३ ही दूरच्या यंत्रावरची डिस्क नव्हे. तिच्यात फोल्डरसुद्धा मुळात नाहीत. नावात तिरपी रेघ असली की पाहणाऱ्याला फोल्डरचा भास होतो, इतकेच. वस्तू ठेवा, वस्तू घ्या, यादी द्या, वस्तू काढून टाका, असे मोजकेच व्यवहार तिला कळतात. ठेवलेल्या वस्तूच्या मधले शंभर बाइट बदलायचे म्हटले, तर सर्वसाधारणपणे ती वस्तू पुन्हा ठेवावी लागते. आणि मुख्य म्हणजे तिथे ग्राहकाचा स्वतःचा प्रोग्रॅम चालत नाही. गोदामवाल्याला पेटी ठेवता येते, परत देता येते. पण पेटी उघडून आतल्या कागदांचे तुकडे मोजून सांग म्हटले, तर ते त्याचे काम नव्हे. दहा वर्षांपूर्वी इतक्या नजाकतीने सोडवलेला प्रश्न अशा गोदामासमोर पुन्हा उभा राहिला.

ब्रिटनमधील निक क्रेग-वुड यांनी २०१२ मध्ये त्यावर काम सुरू केले, ते कोणत्याही भव्य हेतूने नव्हे. घरी चालू ठेवलेल्या सर्व्हरचा आवाज आणि विजेचा खर्च नको, म्हणून त्यांना आपला साठा क्लाउडवर न्यायचा होता. साधनाचे पहिले नाव स्विफ्टसिंक होते. पुढे ते आरक्लोन झाले आणि जुलै २०१४ मध्ये त्याची १.०० ही आवृत्ती आली. गो या भाषेत लिहिलेले हे मुक्त साधन आज सत्तरहून अधिक साठवण सेवांशी बोलते. त्याला ‘क्लाउडचा आरसिंक’ म्हणतात. वर्णन सोयीचे आहे, पण पुरते खरे नाही. आरसिंकचा प्राण असलेली सरकती खूण आरक्लोनमध्ये नाही, कारण ती यादी मागायला पलीकडे कोणीच नाही. आरक्लोन फाइल तोडत नाही. ती बदलली आहे का एवढेच ठरवतो, आणि बदलली असेल तर पूर्ण पाठवतो.

तेवढे ठरवणेही सोपे नाही. आकार आणि बदलाची वेळ जुळली की फाइल तीच, असे तो आपण होऊन धरतो. पण एस-३ स्वतः नोंदवते ती वस्तू चढवल्याची वेळ, मूळ फाइल बदलल्याची नव्हे. म्हणून आरक्लोनला खरी वेळ वस्तूच्या सोबतच्या चिठ्ठीत लिहून ठेवावी लागते. हॅशवर विसंबावे, तर प्रत्येक दुकानाचा तराजू वेगळा. गूगल ड्राइव्ह एमडी-५ देतो. ड्रॉपबॉक्स फाइलचे चार-चार एमबीचे तुकडे करून त्यांच्या हॅशांचा हॅश देतो. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हची रीत आणखी निराळी. एस-३ वर लहान फाइलीचा शिक्का हा सहसा तिचा एमडी-५ असतो. मोठी फाइल तुकड्यांनी चढवली, की त्या शिक्क्याचा अर्थच बदलतो. गूगल ड्राइव्हवर तर एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली सुखाने नांदू शकतात. या प्रत्येक विक्षिप्तपणाला सामावून घेणारे स्वतंत्र प्रकरण आरक्लोनमध्ये लिहावे लागले. कल्पनेची चमक आरसिंकमध्ये अधिक आहे, चिकाटी आरक्लोनमध्ये. विज्ञानाच्या इतिहासात दुसऱ्या गुणाची नोंद फार कमी वेळा होते.

सर्वांत अवघड भाग मात्र दाराशीच होता. दुसऱ्या यंत्रावर शिरायला कमांड लाइनवर एक गुप्त किल्ली पुरे. क्लाउडच्या अनेक सेवा त्याऐवजी ओऑथ ही पद्धत वापरतात, जिची आजची दुसरी आवृत्ती योगायोगाने ऑक्टोबर २०१२ मध्येच प्रमाणित झाली. तीत माणसाने ब्राउझरमध्ये जाऊन ‘या प्रोग्रॅमला परवानगी आहे’ असे सांगायचे, आणि मग प्रोग्रॅमला एक टोकन मिळते. वाराणसीतील परम शिवाय किंवा बंगळुरूतील परम प्रवेग यांसारख्या महासंगणकावर दुरून काम करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे बहुधा नुसती काळी खिडकी असते. ब्राउझर कुठून आणणार? आरक्लोनने यावर साधी तोड काढली. आपल्या लॅपटॉपवर ‘आरक्लोन ऑथराइज’ ही आज्ञा द्यायची, तिथल्या ब्राउझरमध्ये परवानगी द्यायची आणि मिळालेले टोकन महासंगणकावरच्या खिडकीत चिकटवायचे. ते टोकन एका साध्या मजकूर-फाइलीत राहते. तिच्यातील पासवर्ड गिचमीड दिसतात म्हणून ते सुरक्षित आहेत असे अनेकांना वाटते. तसे नाही, त्या गिचमिडीचा उपयोग नुसत्या ओझरत्या नजरेपुरता आहे. सामाईक यंत्रावर त्या फाइलीला स्वतंत्र पासवर्ड घालणेच योग्य.

या पद्धतीत प्रोग्रॅमलाही आपली ओळख आणि गुप्त संकेत असतो. ज्याचा प्रत्येक अक्षर जगाला खुला आहे, त्या प्रोग्रॅमने संकेत गुप्त ठेवायचा कुठे? ही विसंगती मे २०१७ मध्ये महागात पडली. ॲमेझॉन ड्राइव्ह ही अमर्याद साठ्याची जाहिरात करणारी सेवा होती. तिने सुरक्षेचे कारण देऊन आरक्लोन आणि तशा इतर साधनांना दार बंद केले. फाइली जागच्या जागी होत्या, खाते चालू होते. ज्या साधनाने त्या ठेवल्या होत्या त्या साधनानेच त्या काढता येईनात. ती सेवा ३१ डिसेंबर २०२३ रोजी बंदच झाली.

शिक्षणसंस्थांना याहून मोठा धक्का गूगलकडून बसला. संस्थेच्या खात्यावर अमर्याद जागा मिळते म्हणून जगभरातील विद्यापीठांतून मोजमापांचे आणि अनुकरणांचे टेराबाइट तिथे जमा झाले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले, की जुलै २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी मोफत जागा राहील. एखाद्या महाविद्यालयाला ती उदंड वाटेल. पण रेडिओ खगोलशास्त्राचे किंवा जनुकक्रमांचे काम करणाऱ्या मोजक्या गटांना ती एकट्यानेही संपवता येते. शिवाय गूगल ड्राइव्हवर एका खात्यावरून दिवसाला ७५० जीबीपेक्षा जास्त चढवता येत नाही. ३० टीबीचा संच त्या गतीने नेला, तर चढवण्यातच ४० दिवस जातात. अशा स्थलांतरात माऊसने फाइली ओढणे निरर्थक असते. तुटले तर तिथूनच पुढे चालणारे, चार फाइली एकाच वेळी नेणारे आणि काय राहिले ते सांगणारे साधन लागते.

जुनी विदा एवढी जपायची का, हा प्रश्न निधी देणारे दरवेळी विचारतात. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झला आकाशाचे सर्वेक्षण केले. त्या कच्च्या नोंदी जपल्या गेल्या, म्हणून इंटेमा आणि सहकाऱ्यांना सुधारलेल्या गणनपद्धतीने त्यांवर नव्याने प्रक्रिया करता आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सूचीत सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोत आहेत. दुर्बीण त्यासाठी पुन्हा एकही रात्र वळवावी लागली नाही.

मानवी जनुकक्रमांची गोष्ट आणखी नाजूक. जीनोम-इंडिया प्रकल्पाने वाचलेले दहा हजार भारतीयांचे जनुकक्रम फरिदाबादच्या भारतीय जैवविदा केंद्रात ठेवले आहेत, आणि ते वापरण्यास नियमबद्ध परवानगी लागते. असा मजकूर परक्या गोदामात ठेवण्यापूर्वी परवानगीचा विचार आधी, साधनाचा नंतर. आरक्लोनमध्ये ‘क्रिप्ट’ नावाची सोय आहे : फाइलीचा मजकूर आणि नाव दोन्ही आपल्याच यंत्रावर कुलूपबंद होऊन मगच बाहेर पडतात. गोदामवाल्याला नुसत्या निनावी पेट्या दिसतात. पासवर्ड हरवला तर मालकालाही तेवढेच दिसते.

आणि ‘सिंक’ या शब्दाबद्दल एक. आरक्लोनची ही आज्ञा दुसरे टोक पहिल्यासारखे करते. म्हणजे पहिल्यात नसलेली प्रत्येक फाइल दुसऱ्यातून काढून टाकते. दोन नावांची अदलाबदल झाली आणि पहिल्या जागी रिकामे फोल्डर आले, तर ती आज्ञा पाळून, कोणतीही तक्रार न करता, पलीकडचा साठा रिकामा करते. म्हणून आधी ‘ड्राय-रन’ लावून काय होणार आहे ते वाचायचे, नुसते जोडायचे असेल तर ‘कॉपी’ वापरायची, आणि सगळे झाल्यावर ‘चेक’ चालवायचा. हा चेक मोठ्या संचावर रात्रभर चालतो. सकाळी पडद्यावर शेवटी फरकांची संख्या दिसते. ती शून्य दिसेपर्यंत मूळ डिस्क पुसायची नसते.