मर्यमियाचा चहा

पॅलेस्टिनी घरात पाहुणा आला की चहाच्या किटलीत राखाडी-हिरवट, लव असलेली चार-दोन पाने पडतात. ही मर्यमिया. इंग्रजीत सेज, शास्त्रीय नाव साल्विया. पान चोळले की नीलगिरीसारखा वास येतो. हजरत मर्यम प्रवासात दमल्या, या झुडपापाशी विसावल्या आणि याच पानांनी त्यांनी कपाळाचा घाम पुसला, म्हणून हे नाव पडले, अशी लोककथा तिथल्या मुसलमान आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत सांगतात. कुरआनात या झाडाचा उल्लेख नाही, हेही सांगितलेले बरे. लोककथेवर धर्माचा शिक्का मारण्याची आपल्याला फार घाई असते.

हकिमांच्या ग्रंथांत मात्र हे झाड वेगळ्याच नावाने येते. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने त्याला 'एलेलिस्फाकोन' म्हटले. नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तफान इब्न बासिल याने त्याचा ग्रंथ अरबीत आणला आणि हुनैन इब्न इसहाकने तो तपासला. ज्या वनस्पतींना अरबी नाव सापडले नाही, त्यांची ग्रीक नावे इस्तफानने अरबी लिपीत तशीच ठेवली. पुढे कधीतरी जाणकार भेटेल, ही त्यामागची आशा. ती दहाव्या शतकात कुर्तुब्यात बरीचशी फळाला आली. बायझँटाईन बादशहाने खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याला मूळ ग्रीक पोथी भेट दिली. ती वाचण्यासाठी 951 साली निकोलस नावाचा ख्रिस्ती साधू आला आणि मुसलमान, यहुदी हकिमांबरोबर बसून एकेक वनस्पती ओळखू लागला. इब्न जुल्जुलने ही हकिकत लिहून ठेवली आहे.

'एलेलिस्फाकोन'चे अरबीत 'अस्फाकुस' झाले. गंमत अशी की नाडकर्णी यांच्या 'इंडियन मटेरिया मेडिका' या मुंबईच्या ग्रंथात सेजचे देशी नाव 'साल्बिया सेफाकुस' असे दिले आहे. यातले साल्बिया म्हणजे लॅटिनमधले साल्विया, आणि सेफाकुस हा त्या ग्रीक शब्दाचाच झिजलेला तुकडा.

पॅलेस्टिनी आजीला यातले काही ठाऊक नसते. घसा धरला की पानांच्या काढ्याच्या गुळण्या, पोटात कळ आली किंवा मासिक पाळीचा त्रास झाला की चहा. बाळाचे दूध तोडताना आईलाही हाच चहा देतात. गरोदरपणात मात्र टाळतात, आणि ते योग्यच आहे.

ही पाने बायका डोंगरावरून खुडून आणत. 1977 साली इस्रायलने रानातला झातर संरक्षित ठरवून तो तोडण्यावर बंदी घातली. मर्यमियाही संरक्षित यादीत आहे. कारण निसर्गरक्षणाचे दिले गेले. पण दंड आणि खटले वाट्याला आले ते पिढ्यान्‌पिढ्या जपून खुडणाऱ्यांच्या. झाड वाचवायचे तर ते ओळखणाऱ्या हातांना गुन्हेगार ठरवून कसे वाचेल?

रान बंद झाले तरी अंगण उरते. नोकरीनिमित्त आखातात गेलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांबरोबर ही सवय वाळवंटातही पोहोचली, आणि कोकणातल्या आपल्या लोकांनीही त्यांच्याकडे हा चहा घेतला आहे. वाळवंटी बागेत मर्यमिया तहानेपेक्षा लाडाने अधिक मरते. मूळची ती हिवाळी पावसाच्या, चुनखडीच्या उतारावरची. म्हणून मातीत भरपूर खडी मिसळावी आणि शेणखत जवळजवळ नकोच. सकाळचे ऊन, दुपारनंतर सावली. पाणी एकदाच, पण खोलवर द्यावे आणि माती सुकेपर्यंत पुन्हा देऊ नये. कोकणच्या पावसात तर कुंडी वळचणीच्या आत घ्यावी, नाहीतर मुळे कुजतात. आखातात लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी, म्हणजे उन्हाळ्याआधी झाड रुजते. बी पेरण्यापेक्षा फांदी बरी: न फुललेली, चार बोटे लांबीची, खालची पाने काढून ओलसर वाळूत खोचलेली. साधारण महिन्याभरात ती मुळे धरते.